दुरुस्ती आणि दंडेली

सायंकाळच्या बातम्या ऐकण्यासाठी घरातील वडीलधाऱ्यांनी दूरचित्रवाणी संच सुरू करावा आणि बातम्यांऐवजी ‘अपडेट सुरू आहे, संच बंद करू नये’ अशी ताकीद पडद्यावर झळकावी, हा अनुभव शहरातील कुटुंबांना आता नवा राहिलेला नाही. काही वेळाने संच पुन्हा जागा होतो, तेव्हा नेहमीची वाहिनी नेहमीच्या जागी सापडत नाही, तिथे कसली तरी जाहिरात येऊन बसलेली असते, आणि पुढे जाण्यापूर्वी लांबलचक इंग्रजी अटी ‘मान्य आहेत’ असे कबूल करावे लागते. अमान्य करण्याची सोय बहुधा ठेवलेलीच नसते. मग परगावी असलेल्या मुलाला फोन लावायचा किंवा शेजारच्या विद्यार्थ्याला हाक मारायची. प्रसंग किरकोळ आहे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तो तसा वाटत नाही. रोख पैसे मोजून घरी आणलेल्या वस्तूवर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामागे उभा आहे.

अशा सक्तीच्या अपडेटांमुळे सामान्य ग्राहक आधुनिक उपकरणांपासून दूर जातो काय, याची दोन ठरीव उत्तरे दिली जातात. ग्राहक आळशी व अडाणी आहे, त्याला शिकवले म्हणजे झाले, हे कारखानदारांचे उत्तर. पूर्वीचा रेडिओ वर्षानुवर्षे एका बटणावर चालत असे, तोच बरा होता, हे जुन्या पिढीचे उत्तर. आमच्या मते दोन्ही उत्तरे वरवरची आहेत. ग्राहक अपडेटला कंटाळलेला नाही. त्याचा अपडेटवरील विश्वास उडत चालला आहे. कंटाळा सवयीने ओसरतो. उडालेला विश्वास मात्र सहजासहजी परत येत नाही.

अपडेट आवश्यक असतात, ही गोष्ट प्रथमच स्पष्टपणे मान्य केली पाहिजे. इंटरनेटला जोडलेला प्रत्येक कॅमेरा, राउटर वा दूरचित्रवाणी संच हा एक लहानसा संगणकच होय, आणि त्याच्या रचनेतील उणिवा विक्रीनंतरही उघडकीस येत राहतात. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील घरगुती कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. कारखान्यातून आलेला पासवर्ड अनेक उपकरणांवर तसाच राहिला होता, एवढे निमित्त त्याला पुरले. त्या वर्षी २१ ऑक्टोबर रोजी या अंकित उपकरणांच्या फौजेने ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर असा मारा केला की, ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा असंख्य लोकांना कित्येक तास मिळेनाशा झाल्या. आपल्या भिंतीवरचा कॅमेरा या हल्ल्यात सामील आहे, याची घरमालकांना कल्पनाही नसणार. घराचे दार नादुरुस्त ठेवण्याने शेजाऱ्यालाही धोका पोहोचतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

तथापि, त्याच दारातून दुसरे काय काय आत येते, तेही पाहिले पाहिजे. त्याच २०१६ च्या सप्टेंबरात एचपी कंपनीच्या कित्येक प्रिंटरांनी इतर उत्पादकांची स्वस्त शाई अकस्मात नाकारली. यंत्र तेच होते आणि शाईही तीच होती. बदलले होते ते यंत्रातील सॉफ्टवेअर. गदारोळ झाल्यावर कंपनीने दिलगिरी व्यक्त केली व तो निर्बंध हटवणारे वेगळे सॉफ्टवेअर देऊ केले. अन्य उत्पादकांच्या शाईवरील निर्बंधांची पुरेशी कल्पना ग्राहकांना दिली नाही, या व अशा कारणांसाठी इटलीच्या स्पर्धा नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये या कंपनीला एक कोटी युरोंचा दंड ठोठावला. मे २०२४ मध्ये सोनोस या ध्वनिक्षेपक बनवणाऱ्या कंपनीने आपले ॲप समूळ बदलले, तेव्हा गजर लावण्यासारख्या साध्या, रोजच्या सोयी त्यातून नाहीशा झाल्या. महागडे संच घेतलेले लोक संतापले. जुने ॲप परत द्या, ही त्यांची मागणी मान्य झाली नाही. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर क्षमा मागितली आणि जानेवारी २०२५ मध्ये पद सोडले.

शिक्षकाने विद्यार्थ्याच्या वहीतील चूक लाल शाईने सुधारणे वेगळे आणि वहीची पाने परस्पर फाडून नेणे वेगळे. पहिले त्याचे कर्तव्य आहे. दुसऱ्याचा त्याला अधिकार नाही. घरगुती उपकरणांच्या बाबतीत ही दोन्ही कामे एकाच ‘अपडेट’ या नावाखाली, एकाच गाठोड्यात बांधून येतात, आणि गाठोडे उघडून पाहण्याची मुभा ग्राहकाला नसते. एकदा पोळलेला माणूस मग काय करतो? तो अपडेट पुढे ढकलतो किंवा संचाची इंटरनेटची जोडणीच तोडून टाकतो. जोडणी तोडली तर ज्या सोयींसाठी जादा पैसे मोजले त्या गमावल्या; जोडणी ठेवून अपडेट टाळला तर चोराला दार उघडे राहिले. पहिल्यात नुकसान त्याचे एकट्याचे आहे, दुसऱ्यात साऱ्यांचे. या दुसऱ्या नुकसानीची जबाबदारी भित्र्या ग्राहकावर ढकलणे न्यायाचे होणार नाही.

कारखानदारांची बाजू अगदीच लंगडी आहे, असे आम्ही म्हणत नाही. ग्राहकाच्या मर्जीवर सोडले तर पुष्कळजण अपडेट घेतच नाहीत, आणि जुन्या आवृत्त्या अनंतकाळ सांभाळणे खर्चाचे असते, हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण पहिल्या मुद्द्यावरून फार तर सुरक्षेची दुरुस्ती आपोआप व्हावी एवढेच सिद्ध होते. जाहिराती लादण्याची वा सोयी काढून घेण्याची सक्ती त्यातून सिद्ध होत नाही. दुसऱ्या मुद्द्यावरून मुदत असावी, हे सिद्ध होते. मग ती मुदत विक्रीपूर्वीच का सांगू नये?

हे अशक्य आहे, असेही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सुरक्षेचे अपडेट किमान किती काळ मिळतील, हे जाहीर करणे उत्पादकांवर बंधनकारक केले. युरोपीय संघाचा २०२४ चा सायबर सुरक्षाविषयक कायदा आणखी पुढे जातो. सुरक्षेचे अपडेट तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तेथे इतर बदलांपासून वेगळे द्यावेत, आणि आपोआप होणारे अपडेट तात्पुरते पुढे ढकलण्याची सोय ग्राहकाला असावी, हे तत्त्व त्यात नमूद आहे. त्यातील मुख्य तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरली आहे.

आपल्याकडे काय? ज्या महाराष्ट्रात १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली, तेथील ग्राहकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना आली आहे. विक्रीनंतर पडद्यावर उमटणाऱ्या आणि नाकारता न येणाऱ्या अटी तिच्या कसोटीवर घासून पाहण्याची वेळ आता आली आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये ‘दुरुस्तीयोग्यता निर्देशांका’चा आराखडा सादर केला, हे स्वागतार्ह पाऊल होय. परंतु त्याचा प्रारंभ मोबाइल व टॅबलेटपासून योजलेला आहे. बैठकीतील दूरचित्रवाणी संच आणि दारावरचा कॅमेरा यांचाही विचार त्याच आस्थेने व्हायला हवा.

आमची मागणी मोजकी आहे. अपडेट किती वर्षे मिळणार, ते खोक्यावर ठळक अक्षरांत छापावे. सुरक्षेची दुरुस्ती वेगळी द्यावी आणि ती विनाअट द्यावी. बाकीचे बदल ग्राहकाच्या संमतीनेच, त्याला समजेल अशा भाषेत विचारून करावेत, आणि संमती नाकारणाऱ्याची खरेदीच्या दिवशी मिळालेली एकही सोय काढून घेऊ नये. घर दुरुस्त करून देणाऱ्या सुताराला आपण आनंदाने किल्ली देतो. तोच परत जाताना खुर्च्या उचलून नेऊ लागला, तर लोक दार लावून घेतील. आणि त्याबद्दल त्यांना अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही.