चौथऱ्यावरचे इंजिन

लहानपणी मिरजेच्या फलाटावर गाडी शिरली की आम्हा पोरांचे सारे लक्ष इंजिनाकडे असे. गाडीत बसल्यावर आई बजावायची, ‘डोके बाहेर काढू नकोस, डोळ्यांत कोळसा जाईल.’ तो हमखास जायचाच. मग पदराचा बोळा, त्यावर फुंकर आणि डोळा शेकणे. प्रवासाची सुरुवातच अशी व्हायची.

ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी डिसेंबर १९९५ मध्ये थांबली. आता नातवाला इंजिन दाखवायचे तर स्टेशनाबाहेरच्या चौथऱ्यावरचे, रंग फासलेले धूड दाखवावे लागते. तो वर चढतो, फोटो काढून घेतो आणि विचारतो, ‘आजोबा, हे चालायचे कसे?’ या साध्या प्रश्नापाशी मी अडतो.

जुन्या वस्तू जपण्याची आपली रीत तशी गमतीदारच आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ती ओढणाऱ्या साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांची नावे आपली मुले शाळेत पाठ करतात. पण त्या तिघांपैकी एकही आज पाहायला मिळत नाही. अवघ्या देशाचा इतिहास ज्यांनी ओढून आणला, त्यांना आपण जपले नाही.

त्यांच्याच पिढीतले एक इंजिन मात्र वाचले. त्याचे नाव फेअरी क्वीन. इंग्लंडमधील लीड्सच्या कारखान्यात १८५५ साली ते बनले आणि ईस्ट इंडियन रेल्वेचे २२ क्रमांकाचे इंजिन म्हणून कलकत्त्याला उतरले. हावडा ते राणीगंज टपालगाड्या ओढणे, १८५७ च्या धामधुमीत फौजा वाहणे आणि पुढे बिहारात नव्या रुळांच्या कामावर राबणे, अशी त्याची नोकरी १९०९ पर्यंत चालली. मग ३४ वर्षे ते हावडा स्टेशनाबाहेर नुसते उभे होते. १९४३ मध्ये ते चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले आणि पुढे दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आले.

इथवरची कथा कोणत्याही चौथऱ्यावरच्या इंजिनाची शोभेल. पण १९९७ मध्ये, निवृत्तीनंतर तब्बल ८८ वर्षांनी, या राणीच्या भट्टीत पुन्हा विस्तव पडला आणि ती दिल्लीहून अलवरला प्रवासी घेऊन निघाली. नियमित चालणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून १९९८ मध्ये गिनीज बुकाने तिची नोंद घेतली.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. चालणारे यंत्र झिजते. झिजलेला भाग बदलावा लागतो. असे एकेक करत सारेच बदलले तर १८५५ चे काय उरले? त्यापेक्षा मूळ लोखंड छताखाली सुरक्षित ठेवावे, असे हे मत आहे. पण उभे राहिल्यानेही इंजिन सुरक्षित राहतेच असे नाही. २०११ मध्ये शेडमध्ये असतानाच फेअरी क्वीनचे काही भाग चोरीला गेले. पेरांबूरच्या कारखान्यात तिची दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये ती पुन्हा दिल्लीहून रेवाडीकडे धावली.

माझ्या मते लोखंडापेक्षा मोलाची एक गोष्ट आहे, ती म्हणजे हाताचे कसब. थंड बॉयलर घाईने तापवला तर पत्रे असमान फुगतात आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. म्हणून तो तासन् तास, धीराने तापवावा लागतो. भट्टीत कोळसा कुठे विरळ पडला हे फायरमनला ज्वाळेवरून कळते. चढण येण्याआधीच त्याने आग तयार ठेवायची असते. भट्टीच्या माथ्यावरचे पाणी उतरले तर अनर्थ होतो, म्हणून एक डोळा सदैव काचेच्या नळीतल्या पाण्यावर ठेवावा लागतो. हे पुस्तकात लिहिता येते, पण अंगात मुरते ते कुणाच्या तरी हाताखाली उभे राहूनच. आणि हे शिकवणारी माणसे आता झपाट्याने कमी होत आहेत.

म्हणून प्रत्येक इंजिन चालवा, असा माझा आग्रह नाही. तो परवडणारा नाही आणि शहाणपणाचाही नाही. बरीचशी इंजिने छताखाली नीट जपावीत. पण निवडक चार-दोन इंजिने वर्षातून काही दिवस तरी वाफेवर यावीत आणि प्रत्येक खेपेस जुन्या ड्रायव्हर-फिटरच्या शेजारी दोन तरुण उभे असावेत. रेवाडीच्या १८९३ च्या शेडला पुन्हा जाग आली. फेअरी क्वीनचे समवयस्क ‘एक्स्प्रेस’ इंजिन पेरांबूरच्या कारागिरांनी २०१० मध्ये चालते केले. मनात आणले तर हे जमते.

नाहीतर चौथऱ्यावर इंजिन राहील, त्याला दरवर्षी नवा रंगही मिळेल. पण ‘हे चालायचे कसे?’ असे नातवाने विचारले, तर उत्तर द्यायला कुणी उरणार नाही.