नळी चोंदली म्हणजे इंजिन मेले नव्हे



एरवी या पानावर आपण कापसाचा भाव, ज्वारीची खरेदी आणि कर्जाचे थकलेले हप्ते याबद्दल बोलतो. आज एका नळीबद्दल बोलायचे आहे. नळी वीतभर लांब, अंगठ्याहून थोडी जाड. पण तिच्यापाठीमागचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. शेतकऱ्याने रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू शेतकऱ्याची, की ज्याने विकली त्याचीच?

वेचणी आटोपल्यावर आम्ही सातजण गावच्या जीपने महाडला गेलो होतो. जीप २०११ सालची, डिझेलची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली जिथे सत्याग्रह केला ते चवदार तळे पाहिले, रायगड चढून आलो आणि परतीला पोलादपूरहून आंबेनळी घाटाला लागलो. आपल्या सपाट मुलखातल्या माणसाला या घाटाची कल्पना येणार नाही. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून समुद्राकडे जाते. नदी जेवढी उतरते तेवढे गाडीने चढायचे. सुमारे चाळीस किलोमीटरांत थेट साडेतेराशे मीटरांच्या उंचीवर. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली आणि ३० माणसे गेली. इथे गाडीची हयगय करून चालत नाही.

चौथ्या-पाचव्या वळणावर जीपने दम टाकला. ॲक्सिलरेटर पार तळाशी दाबला तरी पहिल्या गियरमध्ये ती कण्हत होती आणि मागे काळ्या धुराचा लोट. आम्ही उतरलो, चाकाला दगड लावले, रुंद जागा बघून गाडी वळवली आणि हळूहळू पोलादपूरला परत आलो.

हा धूर आम्हाला नवा नव्हता. तीन महिन्यांपूर्वी जिल्ह्याच्या गावी एका मोठ्या वर्कशॉपने संगणक जोडून निदान केले होते. ई.जी.आर. व्हॉल्व्ह गेला, कूलरसकट बदलावा लागेल, खर्च बावीस हजार. साफ करून भागणार नाही का, असे आम्ही विचारले. उत्तर मिळाले, "आम्ही साफ करत नाही, बदलतो."

बावीस हजार म्हणजे किती, ते आपल्या मापात मोजू. २०२५-२६ च्या हंगामाला सरकारने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर केला. त्या हिशेबाने झाला जवळपास पावणेतीन क्विंटल कापूस. संकरित ज्वारीचा हमीभाव ३,६९९ रुपये. म्हणजे सहा क्विंटल ज्वारी. तीही हमीभाव खरोखर हातात पडला तर! आम्ही तो खर्च पुढे ढकलला. सपाट रस्त्यावर जीप चालत होती, म्हणून खपून गेले. घाटाने हिशेब चुकता केला.

पोलादपूरच्या मिस्त्रीने संगणक लावला नाही. त्याने आधी एअर फिल्टर काढून पाहिला, टर्बोकडून येणारा रबरी पाइप कुठे फुटला नाही ना ते चाचपले, मग एक वाकडी लोखंडी नळी सोडवून आमच्यासमोर धरली. आत काजळीचा असा थर की बोटही जाईना. म्हणाला, "दादा, इंजिन ठणठणीत आहे. याचं नाक चोंदलंय." संध्याकाळपर्यंत काम झाले. मजुरी, पॅकिंग आणि रॉकेल धरून नऊशे रुपये. दुसऱ्या दिवशी सातही माणसे घेऊन जीप घाट चढून गेली.

आता ही नळी करते काय, ते समजून घेऊ. डिझेलच्या इंजिनात जाळ फार तापला की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड तयार होतात. ते कमी व्हावेत म्हणून सायलेन्सरकडे निघालेला थोडा धूर या नळीतून परत इंजिनाच्या हवेत सोडतात. त्या धुरात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून जाळ थोडा थंड होतो. चढाला इंजिनाला पुरी हवा लागते, तेव्हा व्हॉल्व्ह मिटतो आणि धूर परत जाणे थांबते. युक्ती चांगली आहे. पण धुरातली काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकटा बसतो. नळी पुरती बुजली तर गाडी ओढते, पण विषारी वायू वाढतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. काजळी व्हॉल्व्हच्या तोंडात बसून तो मिटेनासा झाला, शिवाय हवा आत घेणारे तोंडही आवळले, तर ऐन चढाला इंजिनाला हवा मिळत नाही. आमचे तेच झाले होते. आपल्याकडची जीप घर, शेत आणि बाजार एवढ्यातच हळूहळू फिरते. इंजिन नीट तापतही नाही. म्हणून काजळी आपल्याकडे लवकर धरते.

काम कसे करायचे, तेही लिहून ठेवतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडा. बोल्ट उष्णतेने धरलेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सोडवणारे तेल टाका आणि पान्याला झटका देऊ नका. मॅनिफोल्डमध्ये स्टड तुटला तर नऊशेचे काम नऊ हजारांवर जाते. नळी काढल्यावर इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा, म्हणजे काजळीचा खडा आत पडणार नाही. काम झाल्यावर फडके काढायला मात्र विसरू नका. नळी रॉकेलमध्ये किंवा कार्बोरेटर साफ करायच्या द्रवात भिजवा. जुन्या क्लच केबलची तार किंवा पितळी ब्रश फिरवून थर सोडवा. व्हॉल्व्हचा विजेचा भाग भिजवू नका आणि त्याच्या बैठकीवर लोखंडी ब्रश घासू नका. नाकातोंडाला फडके बांधा, ही काजळी छातीला वाईट. जवळपास विडी पेटवू नका. साबणाच्या पाण्याने धुऊन नळी पूर्ण वाळवा, कुठे तडा नाही ना ते बघा. पॅकिंग नवीनच घाला. दोन्ही बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळा. एवढे करूनही काजळी लवकर धरली तर दोष फिल्टरमध्ये, इंजेक्टरमध्ये किंवा टर्बोमध्ये शोधा. नाही तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे व्हायचे.

काही गॅरेजवाले सोपा उपाय सांगतात. नळीच्या तोंडावर पत्रा ठोकून ती कायमची बंद करा, म्हणजे कटकट गेली. आमचे मत स्पष्ट आहे. हे करू नका. कायद्याला ते मान्य नाही, हे तर झालेच. पण त्याहून मोठे कारण आपल्याच शिवारात आहे. नायट्रोजनचे हे ऑक्साइड उन्हात इतर वायूंशी मिळून जमिनीलगत ओझोन तयार करतात. तो ओझोन पिकाची पाने जाळतो, आणि कापूस हे त्याला नाजूक पीक आहे. शहराच्या धुराने आमचे पीक मारले अशी तक्रार करायची आणि आपल्याच गाडीच्या नळीला पत्रा ठोकायचा, हे चळवळीला शोभत नाही. दुरुस्तीचा हक्क मागणाऱ्याने नीट दुरुस्ती करण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. फिल्टर वेळेवर न बदलणारे आणि डिझेलमध्ये रॉकेल घालणारे आपल्यातही आहेत, हे कबूल करू.

कंपन्या म्हणतात, अडाणी हातांनी यंत्र बिघडते. यात तथ्य नाही असे नाही. पण अडाणी हाताला शहाणे करायचे तर माहिती द्यावी लागते, आणि हे लोक माहितीलाच कुलूप लावतात. हा आमचा मनाचा ग्रह नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देऊन त्यांनी बाजार अडवला, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. पोलादपूरच्या मिस्त्रीच्या हातात दुरुस्तीचे पुस्तक मात्र अजून आलेले नाही.

कोणी म्हणेल, जीप चार घरांत, बाकीच्यांना काय त्याचे? ५० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे, कडक नियम लागू झाले. त्याबरोबर तारा, सेन्सर आणि संगणक बोनेटखाली आले. आपले बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान आहेत, पण वारे कोणत्या दिशेने वाहते ते दिसते आहे. उद्या पेरणीच्या वाफशावर ट्रॅक्टर अडला आणि कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आठ दिवसांनी आला, तर वाफसा त्याची वाट पाहत थांबणार आहे का? कोरडवाहू शेतकऱ्याला एवढा एक प्रश्न पुरे.

आम्ही खुल्या बाजाराचे पाठीराखे आहोत. २००१ साली गुजरातेत परवानगीविना लावलेला बी.टी. कापूस उपटून जाळण्याचा हुकूम सरकारने काढला, तेव्हा शरद जोशी शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहिले. कोणते तंत्रज्ञान घ्यायचे ते शेतकरी ठरवील, ही ती भूमिका. घेतलेले तंत्रज्ञान उघडून पाहण्याचा आणि दुरुस्त करण्याचा हक्क त्याच भूमिकेचा दुसरा अर्धा भाग आहे. सरकारी परवान्याचे कुलूप काढून तिथे कंपनीचे कुलूप लावले, तर तो बाजार खुला झाला असे आम्ही म्हणणार नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क देणारा कायदा २०२३ साली केला आणि १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली. शेतीची यंत्रे आणि मोटारगाड्या दोन्ही तिच्या विषयांत आहेत. त्याच वर्षी डिसेंबरात संकेतस्थळही निघाले. पण समिती आणि संकेतस्थळ दाखवून बावीस हजारांचे बिल कमी होत नाही. त्यासाठी कंपनीला बांधणारा कायदा लागतो.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. एक, विकलेल्या प्रत्येक ट्रॅक्टर-जीपचे दुरुस्तीचे पुस्तक मराठीत, मागेल त्या मिस्त्रीला रास्त किमतीत मिळालेच पाहिजे. दोन, जो भाग साफ करून चालतो तो बदलायला सांगणाऱ्याने कारण लेखी द्यावे. तीन, हे सरकारचे नव्हे, आपले काम आहे: प्रत्येक तालुक्यातल्या एका जाणत्या मिस्त्रीला बोलावून उन्हाळ्यात एक दिवस गावातल्या पोरांना बोनेट उघडायला शिकवावे. पहिल्या दोन गोष्टींसाठी भांडावे लागेल. तिसरीसाठी कोणाची परवानगी लागत नाही.

बैठकीला येताना ज्यांच्या गाडीमागे काळा धूर येतो, त्यांनी गाडी घेऊनच यावे. पाना आणि पितळी ब्रश आम्ही आणतो.