दरजा भरायच्या आधी लव्हाळा काढा, नाहीतर सिमेंट वाया

आज पिकाचं नाही, अंगणाचं लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी अंगणातल्या शहाबादी फरशीच्या दरजा सिमेंटनं भरून घेतल्या. सांध्यात हरळी, लव्हाळा, घोळ, दुधी, सगळं होतं. मिस्तरी म्हणाला, वरचं खुरपून घ्या, सिमेंट पडलं की खाली आपोआप मरतंय. मीही मान डोलावली. वळीव झाला आणि पंधरा दिवसांत लव्हाळ्याचे सुईसारखे कोंब सिमेंट उचकटून वर! मिस्तरीला काय बोलायचं? जो लव्हाळा टरबुजातला मल्चिंग पेपर भोसकून वर येतो, तो बोटभर मालाला काय भीक घालणार? मलाच कळायला पाहिजे होतं.

फरशीतलं तण दोन प्रकारचं. घोळ, दुधी, गाजर गवत हे वरून आलेलं. सांध्यात धूळ साठते, त्यात बी पडतं. ते पाणी मारून ओलं केलं की मुळासकट हातात येतं. दरज नीट भरली की धूळ बसायला जागा नाही, मग ते फारसं येत नाही. लव्हाळा आणि हरळी मात्र खालून येतात. लव्हाळ्याच्या गाठी एकीला एक जोडलेल्या असतात, वरची पात ओढली की तुटते आणि खालची गाठ परत फुटते.

आता लोक म्हणतात तणनाशक मार. ह्याच फरशीवर आपली तूर वाळते, कोंबड्या दाणे टिपतात, नातवंडं रांगतात. तिथं फवारा नकोच, असं माझं मत. ग्लायफोसेट आपल्याकडं चहाचे मळे आणि बिनपिकाची जागा एवढ्यालाच नोंदलेलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्यांच्या हातूनच वापरावं अशी अधिसूचनाही काढली. शिवाय ते हिरव्या पानातूनच खाली उतरतं आणि झोपलेल्या गाठी त्यानं मरत नाहीत. पॅराक्वाटचं तर नावच नको. ते नुसती पात जाळतं, आणि पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. मीठ टाकायचा सल्लाही मिळाला होता. पाण्याबरोबर ते कडेच्या शेवग्याला जाईल आणि फरशीला खार फुटेल ते वेगळंच.

यंदा मी असं केलं. आठ एमएमच्या सळईचं टोक ठोकून चपटं केलं, वाकवलं आणि त्यानं सांधे दीड-दोन इंच खोल उकरले. जिथं लव्हाळा दाट, तिथल्या अकरा फरश्या पहारीनं उचलल्या. खाली वीतभर माती चाळून गाठी वेचल्या, पाटीभर निघाल्या. खड्ड्यात मुरूम भरून धुमसला, फरशी परत बसवली. मग लगेच दरजा भरल्या नाहीत. पाणी मारून तीन आठवडे वाट बघितली. जे फुटलं ते परत उकरलं. मिस्तरी कुरकुरला, त्याचा चौरस फुटाचा ठेका, खाडा परवडत नाही. त्याचंही बरोबर आहे, म्हणून उकरायचं काम आपणच करायचं आणि त्याला नंतर बोलवायचं. सांधे धुऊन, ओले असतानाच एकास तीन माल दाबून भरला आणि सात दिवस पोती ओली ठेवली.

पाऊस होऊन महिना झाला. न उचललेल्या बाजूला, गोठ्याकडं, चार कोंब दिसलेत. दिवाळीनंतर तिथल्याही फरश्या उचलणार आहे.