यंत्र बिघडले की काटा?



संगणक मंद झाला किंवा त्याचे आकडे चुकीचे दिसू लागले, की घरी, शाळेत एकच सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाका." हा सल्ला आम्हांस मान्य नाही.

विंडोजमध्ये परफॉर्मन्स मॉनिटर हे साधन १९९३ च्या विंडोज एनटीपासून आहे. प्रोसेसर किती गुंतला, मेमरी किती उरली, हे त्यातले काउंटर दाखवतात. काउंटरांची नावे व क्रमांक रजिस्ट्रीत नोंदलेले असतात. एखादा प्रोग्राम नीट बसला नाही किंवा अर्धवट काढला गेला, तर ही यादी विस्कटू शकते. मग नावांच्या जागी नुसते क्रमांक दिसतात, किंवा काउंटर गायबच होतात.

अशा वेळी बहुधा बिघडलेला असतो तो मोजणारा काटा. दुकानातला तराजू चुकला म्हणून कोणी गहू फेकून देत नाही. फॉरमॅटमध्ये मात्र, प्रत काढलेली नसेल तर, मुलांचे प्रकल्प आणि कार्यालयाच्या नोंदी पुसल्या जातात.

दुरुस्ती सोपी आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावा. 'लॉडसीटीआर' (एल, ओ, डी, सी, टी, आर) या आज्ञेला 'स्लॅश क्यू' जोडल्यास कोणते काउंटर बंद आहेत ते कळते. 'स्लॅश आर' जोडल्यास यादी नव्याने बांधली जाते. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ही आज्ञा सिस्टम३२ व सिसवॉव६४ या दोन्ही फोल्डरांतून द्यावी. मग 'विनएमजीएमटी'ला 'स्लॅश रिसिंकपर्फ' जोडून चालवावे, संगणक पुन्हा सुरू करावा आणि नावे परत आली का ते पाहावे. एकाच प्रोग्रामचे काउंटर आले नाहीत, तर तेवढाच प्रोग्राम पुन्हा बसवावा.

"एवढा वेळ कोणाला आहे?" असे कोणी म्हणेल. पण या आज्ञांना काही मिनिटे लागतात. फॉरमॅटनंतर सगळे पुन्हा बसवण्यात दिवस जातो.

म्हणून विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की लेखी कारण व सर्व फाइलींची प्रत असल्याशिवाय प्रयोगशाळेतील एकही संगणक फॉरमॅट होऊ नये. पालकांनी घरीही हाच नियम पाळावा.

विद्यार्थी मित्रांनो, आज्ञा विसरलात तरी चालेल, क्रम विसरू नका: आधी पाहा, लिहून ठेवा, प्रत काढा, मगच हात लावा. सगळे पुसून टाकणारा कारण कधीच शिकत नाही.