नाक्यावरचा अहवाल आणि रुग्णाचा हक्क

2021 साली कोगनोळीच्या नाक्यावर जे दृश्य आपण पाहिले, ते इतक्या लवकर विसरण्याजोगे खचित नाही. महाराष्ट्रातून कर्नाटकात पाऊल टाकणाऱ्या प्रवाशांकडे 72 तासांच्या आतला कोरोना-चाचणीचा अहवाल मागितला जात होता. जुलैअखेरच्या आदेशाने तर लस घेतलेल्यांनाही सूट ठेवली नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापुराहून निपाणीस निघालेली आई असो की बाजारासाठी बेळगावास येणारा चंदगडचा शेतकरी असो, 'अहवाल कोठे आहे ?' हाच प्रश्न. त्या अहवालाचे पैसे कोणी भरले, हे मात्र नाक्यावर कोणी विचारले नाही. ते आज आम्ही विचारीत आहोत.

साथीच्या काळात प्रवाशांची तपासणी करण्याचा अधिकार सरकारला असावा, याविषयी आमचे दुमत नाही. हा अधिकार फार जुना आहे. मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले असता फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. प्रवाशाला अडवावे, तपासावे, वेगळे ठेवावे, अशी मुभा त्याने सरकारला दिली. परंतु अडविलेल्या माणसाच्या तपासणीचा, औषधाचा आणि अन्नाचा भार कोणी वाहावा, याविषयी त्या चिमुकल्या कायद्यात रुग्णाच्या बाजूने एक अक्षरही नव्हते. 2020 साली त्यात दुरुस्ती झाली, ती वैद्यकीय सेवकांना मारहाणीपासून संरक्षण देण्यासाठी. ती योग्यच होती. रुग्णाचा रकाना मात्र कोराच राहिला. सव्वाशे वर्षांनंतरही राज्यसंस्थेला हक्क आणि प्रजेला उपकार, हीच वाटणी कायम असावी, हे प्रजासत्ताकाला भूषणावह आहे काय ?

हा रकाना कोरा राहिल्यामुळे काय घडले, ते क्रमाने पाहू. प्रथम चाचणी. मार्च 2020 मध्ये खाजगी प्रयोगशाळांसाठी 4,500 रुपयांची मर्यादा ठरली. 8 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चाचणी सर्वांसाठी विनामूल्य करण्यास सांगितले आणि अवघ्या पाच दिवसांत, 13 एप्रिलला, ती सवलत आयुष्मान भारत योजनेच्या लाभार्थींपुरती व दुर्बल घटकांपुरती मर्यादित केली. पुढे महाराष्ट्र सरकारने दर उतरवीत नेला आणि मार्च 2021 अखेर तो 500 रुपयांवर आणला. वर्षापूर्वी जिचे 4,500 रुपये पडत होते, ती चाचणी 500 रुपयांत होऊ शकते, हे तेव्हा सिद्ध झाले. पण तोवर किती कुटुंबांनी केवळ पैशाच्या धास्तीने तापाला साधा ताप म्हटले असेल, याचा हिशेब कोणत्या दप्तरात सापडणार ?

दुसरा टप्पा उपचाराचा. येथे महाराष्ट्राला त्याचे श्रेय दिले पाहिजे. मे 2020 मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व नागरिकांना खुली झाली. पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडले. त्याच महिन्यात खाजगी रुग्णालयांच्या 80 टक्के खाटांवर दरनियंत्रण आले : साध्या कक्षास दिवसाला 4,000, अतिदक्षता कक्षास 7,500 आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह 9,000 रुपये. परंतु चाचणी, संरक्षक पोशाख आणि महागडी औषधे या दरांबाहेर ठेवली गेली. योजनेतील उपचारही मुख्यतः श्वसनाच्या गंभीर विकारांवर बेतलेले होते. म्हणजे दार उघडे होते, पण उंबरठा उंच होता.

कर्नाटकाने वेगळी वाट धरली. सरकारने पाठविलेल्या रुग्णाचा खाजगी रुग्णालयातील खर्च सरकारने द्यावा आणि जो स्वतःहून जाईल त्याने स्वतः भरावा, अशी ती व्यवस्था. श्वसनयंत्रासह अतिदक्षता कक्षाचा दर पहिल्यास 10,000, तर दुसऱ्यास 25,000 रुपयांपर्यंत. मध्यरात्री ज्याचा श्वास अडला, त्याने आधी सरकारी शिफारस शोधावी की प्राणवायू ?

खाजगी विम्याची कथा याहून उद्बोधक आहे. जुलै 2020 मध्ये 'कोरोना कवच' नावाची विमापत्रे विक्रीस आली. विमा नियामकाने सर्व कंपन्यांना एकसारख्या अटी घालून दिल्या, हे स्तुत्यच. पण प्रवेशाचे कमाल वय होते 65 वर्षे. ज्या वयाला या रोगाचा धोका सर्वाधिक, तेच वय दाराबाहेर !

आणि तिसरी लस. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटासाठी जे धोरण आले, त्यात एकाच लशीचे राज्य सरकारांसाठी व खाजगी रुग्णालयांसाठी वेगवेगळे दर होते. सर्वोच्च न्यायालयाने 31 मे रोजी त्या वयोगटाविषयीचे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व असमंजस ठरविले. 21 जूनपासून केंद्राने सर्व प्रौढांना मोफत लस देण्यास प्रारंभ केला. शेवट गोड झाला हे खरे. पण साथ ऐन भरात असताना सात आठवडे धोरण चाचपडण्यात गेले.

हे आधी लिहून ठेवता येत नाही, असे कोणी म्हणू नये. दक्षिण आफ्रिकेने मे 2020 मध्ये कोरोनाची चाचणी, उपचार आणि पुनर्वसन यांचा समावेश तेथील वैद्यकीय योजनांच्या अनिवार्य किमान लाभांत केला आणि जानेवारी 2021 मध्ये लसही त्यात घातली. तेथे अशा योजनांचे सभासद सहा-सात माणसांमागे एकच, ही त्या व्यवस्थेची मर्यादा आम्ही जाणतो. परंतु निदान, औषध आणि प्रतिबंध ही एकाच साखळीची कडी आहेत, हे तत्त्व तेथे कायद्याने मान्य झाले. आपण ती कडी तीन वेगळ्या खुंट्यांना टांगली.

सीमाभागात या त्रुटींना आणखी एक धार येते. 2023 साली महाराष्ट्र सरकारने फुले योजनेचा लाभ सीमाभागातील 865 गावांना देण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याला कडाडून विरोध केला. सीमाप्रश्नावरील आमची भूमिका सर्वज्ञात आहे. ती येथे पुन्हा मांडण्याचे कारण नाही. आम्ही इतकेच म्हणतो की, रुग्णाच्या उशाशी दोन सरकारांनी मानापमान मांडू नये. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो आणि बेळगावचा मिरजेला जातो. हे दळणवळण राज्यपुनर्रचनेच्या कितीतरी आधीपासूनचे आहे. तेव्हा कानडी शेजाऱ्यालाही कोल्हापुरात तोच हक्क मिळाला पाहिजे, हे आम्ही नि:संकोचपणे सांगतो.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. साथ जाहीर होताच चाचणी, उपचार व लस ही तिन्ही प्रत्येक सरकारी योजनेत आणि प्रत्येक आरोग्यविम्यात आपोआप समाविष्ट व्हावीत. वय, कार्डाचा रंग वा राज्याची सीमा आड येऊ नये. आणि जे सरकार नाक्यावर अहवाल मागेल, त्यानेच त्याचा खर्च उचलावा. हे सारे त्या 1897 च्या कायद्याच्या जागी येणाऱ्या नव्या कायद्यात लिहिले जावे. पुढची साथ आल्यावर आदेश काढू म्हणणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय.

त्याच 1897 साली, कायदा होऊन सव्वा महिनाही लोटला नव्हता तोच, 10 मार्च रोजी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. रोग्यांना पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविता पोहोचविता त्यांना स्वतःला संसर्ग झाला. रोग्याला उचलताना त्याची जात वा त्याचे गाव त्यांनी विचारले नाही. ज्या योजनेला जोतिरावांचे नाव दिले, तिने निदान एवढा धडा त्या घराकडून घ्यावा.