एकच काम, चार नोंदी

अमेरिकेत वाढलेलं आपल्या नात्यातलं एखादं पोर डॉक्टर व्हायला निघालं, की इकडे पुण्या-ठाण्यात बसलेल्या आजी-आजोबांच्या कानांवर काही नवे शब्द पडू लागतात. ॲब्स्ट्रॅक्ट, पोस्टर, पब्लिकेशन. आपल्याला परीक्षा ठाऊक, टक्के ठाऊक आणि अलीकडे ‘नीट’मधला क्रमांक ठाऊक. एमबीबीएसला प्रवेश मागणाऱ्या मुलाला ‘तुझं छापून काय आलंय?’ असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. तिकडे विचारतात. आणि विचारतात म्हटल्यावर मुलं उत्तरं तयार ठेवतात. ही उत्तरं कशी तयार होतात, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

आधी तिकडची पद्धत थोडी सांगायला हवी. अमेरिकेत सहसा बारावीनंतर थेट मेडिकलला जाता येत नाही. चार वर्षांची पदवी, त्यातच किंवा त्यानंतर ‘एमकॅट’ ही परीक्षा आणि मग अर्ज. बहुतेक कॉलेजांचा अर्ज ‘ॲमकास’ नावाच्या एकाच सामाईक खिडकीतून जातो. त्यात मुलानं आजवर काय काय केलं हे सांगायला पंधरा रकाने असतात. एका रकान्यात ७०० अक्षरं, तीही मोकळ्या जागा धरून. त्यांतले तीन रकाने आपण सर्वांत मोलाचे म्हणून निवडायचे, त्यांना आणखी १३२५ अक्षरांची सवलत. रुग्णालयातली सेवा, नोकरी, खेळ, कला हे सगळं यातच बसवायचं. संशोधन, परिषदेतलं सादरीकरण आणि प्रकाशन यांच्या नोंदींचे प्रकार मात्र वेगवेगळे ठेवलेले आहेत. वर्षाला पन्नास हजारांहून अधिक मुलं या खिडकीशी उभी राहतात आणि जागा असतात साधारण तेवीस हजार.

मेडिकलच्या शेवटच्या वर्षात आलं, की दुसरी खिडकी. कोणत्या शाखेत पुढचं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, मिळणार त्याचा अर्ज. त्या व्यवस्थेचं नाव ‘ईरास’. मुंबई-नागपुरातून एमबीबीएस करून जाणारी आपली मुलं पहिली खिडकी न पाहता थेट या दुसऱ्या खिडकीशी जाऊन पोहोचतात. दोन्हीकडे प्रश्न तोच : संशोधन काय केलंत?

आता हे शब्द. संशोधन झालं, की त्याचा दोनतीनशे शब्दांचा गोषवारा एखाद्या परिषदेकडे पाठवतात. तो ॲब्स्ट्रॅक्ट. परिषदेनं तो घेतला, की मोठ्या कागदावर आकडे-आलेख छापून तो तिथे भिंतीवर लावतात आणि शेजारी उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला समजावतात. ते पोस्टर. काहींना व्यासपीठावर दहा मिनिटं बोलायला मिळतं. आणि मग, सगळं सुरळीत झालं तर, पूर्ण शोधनिबंध नियतकालिकाकडे जातो, तिथे दोनतीन जाणकार तो तपासतात, दुरुस्त्या मागतात, आणि तो छापून येतो. सगळं सुरळीत होतंच असं नाही. परिषदांतल्या गोषवाऱ्यांचं पुढे काय झालं याचे शेकडो अभ्यास एकत्र करून २०१८ साली कॉक्रेन या संस्थेच्या पाहणीत जे निघालं ते असं, की शंभर गोषवाऱ्यांतून पूर्ण निबंधापर्यंत जेमतेम सदतीस पोहोचतात.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजायला अवघड नाही. पेटीत टाकलेला चेक, क्लिअरिंगला गेलेला चेक आणि खात्यात जमा झालेला चेक, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही खऱ्या आहेत. पण पेटीत टाकलेल्या चेकवर पैसे मागायला आलेल्या गृहस्थाला आम्ही खुर्ची द्यायचो, चहा द्यायचो, पैसे देत नसू. निबंध ‘पाठवला आहे’, ‘स्वीकारला आहे’ आणि ‘छापला आहे’ यांतला फरक एवढाच आणि इतका मोठा.

माझ्या चुलत बहिणीची नात न्यू जर्सीत असते. एका उन्हाळ्यात तिनं मधुमेहाच्या अभ्यासात काम केलं. काम म्हणजे रुग्णांच्या जुन्या नोंदी वाचायच्या आणि त्यांतले साखरेचे आकडे तक्त्यात भरायचे. अडीच महिने हेच. पुढे त्यावर पोस्टर झालं, त्यावर हिचं नाव सहावं. परिषदेत ते दुसऱ्याच कुणी मांडलं, ही तेव्हा कॉलेजात परीक्षा देत होती. तिचा मला फोन. ‘आजोबा, माझी मैत्रीण म्हणते, हे तीन ठिकाणी लिही. संशोधन म्हणून एकदा, सादरीकरण म्हणून एकदा, आणि गोषवारा परिषदेच्या अंकात छापलाय म्हणून प्रकाशनात एकदा.’ मैत्रिणीचं तांत्रिकदृष्ट्या एक अक्षरही खोटं नव्हतं. मला एकदम मार्चअखेर आठवला. ३१ तारखेला ठेवी फुगलेल्या दिसाव्यात म्हणून ओळखीच्या खातेदारांना चार दिवसांसाठी पैसे ठेवायला सांगायचे आणि ५ एप्रिलला ते निघून जायचे. ताळेबंदातला आकडा खराच असे. बँक मात्र तेवढी मोठी नसे.

हा मार्चअखेर आता तिकडे बारमाही झाला आहे. रेसिडेन्सीच्या जागावाटपाचे तपशील तिथली एक संस्था दर दोनेक वर्षांनी प्रसिद्ध करते. अमेरिकी कॉलेजांतल्या ज्या विद्यार्थ्यांना मेंदूच्या शस्त्रक्रियेची शाखा मिळाली, त्यांच्या नावावर २०२२ साली सरासरी २५.५ गोषवारे, सादरीकरणं आणि प्रकाशनं होती. २०२४ साली हा आकडा ३७.४ झाला. अस्थिशल्यचिकित्सेत तो १६.५ वरून २३.८ वर गेला. चार वर्षांत अख्खं वैद्यकशास्त्र शिकून, रुग्णालयात रात्री काढून, वर सदतीस! हा आकडा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, ही मुलं झोपतात कधी?

झोपत असावीत. कारण या एका आकड्यात गोषवारा, पोस्टर, भाषण आणि निबंध सगळे एकाच तराजूत घातलेले आहेत. एकच अभ्यास कॉलेजच्या संशोधनदिनी मांडला, राज्याच्या परिषदेत मांडला, राष्ट्रीय परिषदेत मांडला आणि शेवटी छापला, की चार झाले. शिवाय हे आकडे अर्जदारांनीच भरलेले असतात. हे विद्यार्थ्यांना माहीत असतं, निवड करणाऱ्यांनाही माहीत असतं. तरी पुढच्या वर्षीचा मुलगा तक्ता उघडतो, सदतीस पाहतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो. मग तो चाळिसाच्या मागे लागतो. भाववाढ अशीच होते. माल तेवढाच, नोटा जास्त.

ही धाव वाढायला एक चांगला निर्णयही कारण झाला असं बरेच जण मानतात. ‘स्टेप वन’ ही तिथली मोठी परीक्षा पूर्वी तीन आकडी गुण देत असे आणि त्या गुणांवरच मुलांची चाळणी लागे. मुलांचे हाल पाहून २६ जानेवारी २०२२ पासून ती फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण केली. ओझं उतरलं खरं, पण चाळणीला काहीतरी मोजायला लागतंच. मोजायला सोपं जे होतं तिकडे नजरा वळल्या. यात मार खातो तो ज्याच्या कॉलेजात मोठी प्रयोगशाळा नाही, ज्याच्या घरात कुणी डॉक्टर नाही आणि ज्याला सुट्टीत दुकानात उभं राहून फी जमवायची आहे. परीक्षेच्या गुणांना निदान वशिला लागत नव्हता.

फुगवण्यापासून बनावापर्यंतचं अंतर किती? १९९५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. पोटविकारांच्या उच्च प्रशिक्षणासाठी आलेले २३६ अर्ज तपासले. त्यांतल्या ५३ जणांनी आपले लेख छापल्याचं लिहिलं होतं. ५३ पैकी १६ जणांचा दावा टिकला नाही. कुणाचा लेखच सापडेना, कुणाचं नियतकालिकच अस्तित्वात नाही. तेव्हा ग्रंथालयात जाऊन जाड सूची चाळाव्या लागत. आज पबमेड या खुल्या सूचीत कुणीही घरबसल्या नाव घालून पाहू शकतो. फसवणुकीचा संशय आला तर अर्ज घेणारी संस्था चौकशी करते आणि निष्कर्ष संबंधित कॉलेजांना कळवते. म्हणजे एका रकान्यातली थाप पंधराही रकाने घेऊन बुडते.

पण मला त्या सोळा जणांपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त अस्वस्थ करते. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात रॉबर्ट स्लट्स्की नावाचे हृदयरोगाचे संशोधक होते. सात वर्षांत १३७ निबंध. एका काळात तर दहा दिवसांना एक! १९८५ साली त्यांच्या बढतीची कागदपत्रं पाहताना एका परीक्षकाच्या लक्षात आलं, की दोन वेगळ्या निबंधांत आकडे तेच आहेत. स्लट्स्कींनी राजीनामा दिला. चौकशी समितीनं सगळे १३७ निबंध तपासले : ७७ ग्राह्य, ४८ शंकास्पद, १२ बनावट. यात मला खटकतात ते सहलेखक. बनावट प्रयोगांच्या निबंधांवर भल्या माणसांची नावं होती. कुणी मित्र, कुणी सहकारी, कुणाला नाव भेट म्हणून दिलेलं. यादी लांबते म्हणून कुणी नको म्हटलं नाही आणि प्रयोग झाला का, हे कुणी विचारलं नाही. जामीनदाराची सही करताना कागद न वाचणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती सगळी सज्जन असत.

निबंधावर नाव लावायचे नियम आहेत. वैद्यकीय संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती म्हणते, की कामात भरीव वाटा हवा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात भाग हवा, शेवटच्या रूपाला संमती हवी आणि चूक निघाली तर उत्तर देण्याची तयारी हवी. चारही हवं. विभागप्रमुख म्हणून आपोआप लागणारं नाव यात बसत नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे म्हणजे आपण धुतल्या तांदळासारखे आहोत अशातला भाग नाही. एमबीबीएसच्या दारात नसलं तरी पुढे आपलंही तसंच. मेडिकल कौन्सिलच्या २००० सालच्या नियमांत एमडी-एमएसच्या विद्यार्थ्याला परीक्षेला बसण्याआधी एक पोस्टर, परिषदेत एक निबंधवाचन आणि एक शोधनिबंध बंधनकारक होता. हा निबंध छापलेला, स्वीकारलेला किंवा नुसता ‘पाठवलेला’ असला तरी चाले. पेटीत टाकलेला चेक! प्राध्यापकांच्या बढत्याही प्रकाशनांशी जोडल्या गेल्या. मागणी आली की दुकानं निघतात. पैसे भरा, चार दिवसांत छापतो, अशी. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१८ साली यूजीसीच्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १००९ नियतकालिकं तपासली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाहीन निघाली. अमेरिकेच्या दुसऱ्या खिडकीकडे निघालेल्या आपल्या मुलामुलींना हीच दुकानं खुणावतात. घरची माणसं कोचिंगची फी भरल्यासारखे पैसे भरतात, कारण पावती मिळते आणि निबंधावर मुलाचं नाव दिसतं. पावती खरी असते.

मग नोंद करायची कशी? बहिणीच्या नातीला मी जे सांगितलं ते हिशेबनीसाचं होतं. छापून आलेला निबंध असेल तर लेखकांची नावं छापलेल्या क्रमानंच लिहायची, आपलं सहावं असेल तर सहावं, आणि पबमेडचा क्रमांक द्यायचा. परिषदेचा गोषवारा हा गोषवारा म्हणूनच लिहायचा, त्याला निबंधाचे कपडे चढवायचे नाहीत. एकाच अभ्यासाची पोस्टरं दोन असतील तर एकाच रकान्यात दोन्ही. पोस्टर दुसऱ्यानं मांडलं असेल तर तसं म्हणायचं. त्याला चार शब्द लागतात. जे अजून पाठवलेलंच आहे ते प्रकाशनात नको, संशोधनाच्या रकान्यात एक ओळ पुरे. आणि बाकीची अक्षरं आपण काय केलं त्यावर खर्चायची.

तिनं काय केलं ते खरं तर ऐकण्यासारखं होतं. तक्ते भरताना तिच्या लक्षात आलं, की काही नोंदींत साखर वेगळ्याच एककात लिहिली आहे आणि ते आकडे सरासरीत तसेच मिसळले जातायत. तिनं ते दाखवून दिलं, महिनाभराचं काम पुन्हा झालं, प्रयोगशाळेतले दोघे तिच्यावर वैतागले. हे तिच्या पहिल्या मसुद्यात नव्हतंच! तिथे होतं : ‘राष्ट्रीय परिषदेत सादरीकरण.’ मुलाखत घेणारा पहिला प्रश्न विचारणार तो परिषदेचा नाही, अभ्यासाचाच. किती रुग्ण होते, कोण वगळले, का वगळले. एककांची भानगड जिला माहीत आहे ती यावर अर्धा तास बोलेल.

त्या पोस्टरचा निबंध आता एका नियतकालिकाकडे गेला आहे. अर्ज भरल्यानंतर असा निबंध स्वीकारला गेला, तर बरीच कॉलेजं तसं पत्रानं कळवू देतात. काही अशी पत्रं घेत नाहीत, आणि ते त्यांच्या सूचनांत लिहिलेलं असतं. सूचना मात्र आधी वाचाव्या लागतात.