शुद्धीवर आल्याचा निरोप

१६ ऑक्टोबर हा जागतिक भूल दिन. १८४६ साली याच दिवशी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी एका रुग्णाला इथर हुंगवले आणि शल्यविशारद वॉरन यांनी त्याच्या मानेवरच्या गाठीची शस्त्रक्रिया केली. वेदनेवाचून चिरफाड होऊ शकते, हे जगाला पटले ते तेव्हापासून.

भूल उतरतानाचा तासही वैद्यकाने वाऱ्यावर सोडलेला नाही. १९७० साली डॉ. अल्ड्रेट यांनी हालचाल, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग यांना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची रीत आणली. रंगाची जागा पुढे रक्तातल्या ऑक्सिजनने घेतली. दहापैकी नऊ गुण पडले की रुग्ण वॉर्डात जायला मोकळा.

ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दाराबाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांसाठी मात्र असा तक्ता नाही. आपल्याकडचा शिरस्ता ठरलेला आहे. डॉक्टर बाहेर येतात, ट्रेमधले पित्ताशयाचे खडे दाखवतात, ‘सगळं व्यवस्थित झालं’ म्हणतात आणि पुढच्या केसला जातात. खडे लगेच दिसतात. ज्याचे खडे, तो माणूस तास-दोन तास दिसत नाही. मध्येच दार किलकिले होऊन ‘अमक्याचे नातेवाईक कोण?’ अशी हाक आली की पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा असते ती औषधाची चिठ्ठी.

आत त्या माणसाला हुडहुडी भरलेली असते, नळीमुळे घसा खवखवत असतो, मळमळत असते, पाणी मागितले तर मिळत नाही. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र सकाळीच काढून घरच्यांच्या पिशवीत गेलेले. पंचाहत्तरीच्या आजोबांना धड दिसत नाही, ऐकू येत नाही, आपण कुठे आहोत कळत नाही. त्यांनी सलाईन ओढली की ‘पेशंट को-ऑपरेट करत नाही’ असा शेरा पडतो. खरे तर चष्मा आणि यंत्र लवकर परत दिले तर म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ कमी होतो, हे भूलतज्ज्ञांना चांगले ठाऊक आहे. पण पिशवी दाराबाहेर असते. लहान मूल आत रडते, तेव्हा आईही दाराबाहेरच असते. संसर्गाचे कारण ओटीला लागू पडते. रिकव्हरी रूममध्ये गाऊन-टोपी घातलेल्या एका आईला अडवायला ते पुरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी २००८ साली आली. ते काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झाले त्या डॉ. अतुल गावंडे यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. रुग्णाला ओटीतून हलवण्याआधी पुढे काय जपायचे ते सर्वांनी बोलून घ्यावे, हे यादीचे शेवटचे कलम. आणि यादीत स्थानिक गरजेप्रमाणे भर घालावी, असे तिच्यावरच छापले आहे. तेव्हा एक ओळ वाढवायला कुणाची परवानगी नको: घरच्यांना निरोप कोण देणार? ऑपरेशन संपल्याचा, शुद्धीवर आल्याचा, वॉर्डात कधी हलवणार याचा. प्रत्येकाची वेळ रक्तदाबाच्या रकान्याशेजारी लिहिलेली हवी.

‘माणसं कुठे आहेत?’ असे उत्तर येईल. सरकारी रुग्णालयांपुरते ते खोटेही नाही. पण औषधाची चिठ्ठी घेऊन दाराशी येणारे वॉर्डबॉय मामा त्याच फेरीत ‘शुद्धीवर आले, बोलले’ एवढे सांगू शकतात आणि परतताना चष्म्याची पिशवी आत नेऊ शकतात. सिस्टरने चिठ्ठीच्या मागे तेवढे लिहून द्यावे.